बुळकांडी गेली, मानमोडी का राहिली?



सकाळी खुराड्याची फळी काढावी, तर रोज धडपडत बाहेर पडणाऱ्या कोंबड्या आज बाहेर येत नाहीत. एक पंख पाडून कोपऱ्यात बसलेली. दुसरी चोच उघडी टाकून श्वास ओढते आहे. खाली हिरवट-पांढरी पातळ विष्ठा. दुपारपर्यंत एकीची मान वळते, डोकं पाठीला लागतं, ती जागच्या जागी गोल फिरते आणि पडते. चार दिवसांत खुराडं रिकामं. शेजारणीचंही रिकामं. आठवडा-पंधरवड्यात सगळ्या पाड्यावर कोंबड्याची बांग ऐकू येत नाही.

कुळगाव-बदलापूरच्या आसपास, बारवीच्या अंगाला, वांगणीकडे, मुरबाडच्या वाटेवर ज्यांच्या परसात पाच-पंचवीस कोंबड्या फिरतात, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. कुणी याला 'मर आली' म्हणतं, कुणी मानमोडी म्हणतं. पुस्तकातलं नाव राणीखेत. या रोगावर औषध नाही. हळद, लसूण, दारूचे चार थेंब, माणसांच्या गोळ्या कुटून, सगळं करून झालेलं असतं. रोग विषाणूचा आहे, त्यामुळे या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. लस न टोचलेल्या शंभर कोंबड्यांत हा रोग जोराने शिरला तर नव्वदावर मरतात, कधी शंभरही.

पण लस आहे, आणि ती कालची नाही. पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. मग अजून ही मर का येते? या प्रश्नाचं उत्तर औषधाच्या बाटलीपेक्षा इतिहासात जास्त सापडतं, म्हणून या पत्रिकेत थोडा इतिहास सांगायचा बेत आहे. कंटाळू नका, शेवटी तो तुमच्या खुराड्यापाशीच येतो.

गोष्ट सुरू होते ती बैलांपासून. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना बुळकांडी विचारा. जनावराला ताप, तोंडात फोड, नाका-डोळ्यांतून पाणी, मग घाण वासाची बुळबुळीत हगवण आणि मरण. बुळकांडी गावात शिरली की गोठेच्या गोठे बसायचे आणि नांगराला बैल उरायचा नाही. बैल नाही तर भात नाही, भात नाही तर माणसांचेच हाल. या रोगाचा बंदोबस्त करायचा म्हणून १८८९ साली सरकारने एक प्रयोगशाळा काढली, आणि ती काढली आपल्या पुण्यात. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे पहिले प्रमुख. पण इतक्या जालीम रोगावर भरवस्तीत काम करणं धोक्याचं. म्हणून १८९३ साली ती प्रयोगशाळा पुण्याहून उचलून हिमालयाच्या कुशीत, कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. जागा थंड आणि वस्तीपासून लांब. हीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली.

मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स नावाचे संचालक होते. त्यांनी बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसऱ्या बकरीत असा फिरवत फिरवत नेला. बकरीची सवय लागलेला हा विषाणू गाई-बैलांत गेल्यावर पूर्वीसारखा मारक राहिला नाही, आणि जनावराच्या अंगात रोगाशी झगडण्याची ताकद मात्र तयार झाली. बकरीच्या अंगावरची ही लस पुढे देशभर टोचली गेली.

आता योगायोग पाहा. याच एडवर्ड्स यांच्या कारकिर्दीत, १९२७ च्या सुमारास, मुक्तेश्वरच्या जवळच राणीखेत या डोंगरी गावात कोंबड्यांची जबर मर आली. त्यांनी तिची तपासणी केली, रोगाची नोंद केली आणि गावावरून रोगाला नाव पडलं. बिचाऱ्या राणीखेत गावाचा यात काही दोष नाही! त्याच सुमाराला, १९२६ साली, जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल बंदरातही हाच रोग दिसला होता. इंग्रज त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. बोटीवरच्या कोंबड्यांतून किंवा मांसातून तो बंदराला उतरला असावा, असा तेव्हाच्या जाणकारांचा तर्क होता. हे लक्षात ठेवा. रोगाला स्वतःचे पाय नाहीत. तो कुणाच्या तरी टोपलीतून, पिशवीतून, चपलेच्या तळातून येतो.

लस निघायला आणखी वीसेक वर्षं गेली. मुक्तेश्वरलाच हॅडो आणि इदनानी या दोघांनी रोगाचा विषाणू कोंबडीच्या गर्भ धरलेल्या अंड्यात वाढवला. एका अंड्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा नेत नेत तो इतका नरमवला की मोठ्या कोंबडीला टोचला तरी ती मरत नाही आणि पुढे रोगाला दाद देत नाही. हे काम १९४६ साली प्रसिद्ध झालं. हीच ती 'आर टू बी' लस. कोंबडीचं रक्षण शेवटी कोंबडीच्याच अंड्यातून आलं.

ही लस मोठ्या पक्ष्यांसाठी आहे. लहान पिल्लांना ती सोसत नाही. पिल्लांसाठी त्याहून सौम्य अशा 'एफ' आणि 'लासोटा' या लसी पुढे आल्या. लासोटा हे नाव परकं वाटतं, पण तेही एका शेतकऱ्याचंच आडनाव आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत त्याच्या कोंबड्यांत हा सौम्य विषाणू सापडला, म्हणून हे नाव.

म्हणजे हिशेब असा. एकच संस्था, जवळपास एकच काळ, दोन रोग आणि दोन्हींवर लस. पुढे काय झालं? बुळकांडीवर १९५४ सालापासून देशव्यापी मोहीम निघाली. गावात दवंडी द्यायची, सगळी गुरं एका जागी आणायची, एकही जनावर सोडायचं नाही. हे वर्षानुवर्षं चाललं. १९९५ नंतर देशात बुळकांडी दिसली नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माणसांतल्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

आणि मानमोडी? ती अजून दर उन्हाळ्याला येते आहे.

खरं बोलायचं तर दोन्हींची बरोबरी पुरती होत नाही. मानमोडीचा विषाणू रानपाखरांत, कबुतरांतही राहतो, त्यामुळे बुळकांडीसारखा तो पुसून टाकणं अवघड आहे. पण मूळ कारण ते नव्हे. बैल हा घरच्या कर्त्याचा. बैल मेला तर पंचनामा होतो, बाजारात त्याची किंमत बोलली जाते. कोंबडी घरच्या बाईची. तिच्या अंड्यांवर मीठ-मिरची येते, पोराची वही येते, माहेरी जायचं एसटीचं भाडं निघतं. हा पैसा कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. न लिहिलेल्या पैशाचं नुकसानही कुणी लिहीत नाही. दहा कोंबड्या गेल्या तर 'गेल्या' म्हणायचं आणि डालगं पालथं करून ठेवायचं. बैलासाठी दवंडी पिटली गेली, कोंबडीसाठी पिटली गेली नाही.

दुसरं कारण अगदी साधं आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे. लसीची बाटली पाहा. तिच्यात शंभर मात्रा असतात, कधी दोनशे, पाचशे, हजारसुद्धा. देशात १९६० नंतर मोठी कुक्कुटपालन केंद्रं उभी राहिली. एका छपराखाली हजार हजार पक्षी. बाटलीचं माप त्यांच्या सोयीने पडलं. ती लस बर्फात, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. सोबतच्या पाण्यात एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी कामाची नाही. आता ज्या घरी बारा कोंबड्या आहेत त्या घराने शंभर मात्रांची बाटली आणून काय करायचं? बारा टोचायच्या आणि अठ्ठ्याऐंशी ओतून द्यायच्या? मग माणूस म्हणतो, राहू दे.

ही अडचण एकट्या आपल्या पाड्याची नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे पीटर स्प्रॅडब्रो यांनी १९८० च्या दशकापासून खास खेड्यातल्या कोंबड्यांसाठी, उन्हात जरा जास्त तग धरणारी लस तयार करण्यावर काम केलं. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत गावातल्याच माणसांना, त्यात बायका पुष्कळ, डोळ्यात थेंब टाकायला शिकवलं. ठरल्या महिन्यात घरोघर जाऊन त्या एका फेरीत सगळ्या कोंबड्यांना लस देतात. तिथे अनुभव असा आला की लस चांगली असून भागत नाही. गावाने एका दिवशी एकत्र यावं लागतं.

तेव्हा आपणही बुळकांडीची दवंडी कोंबडीसाठी वापरायची. पाड्यावर आठ-दहा घरं असली आणि घरटी दहा-बारा कोंबड्या धरल्या, तरी शंभराचा आकडा झाला. म्हणजे बाटली पुरती लागली, काही वाया गेलं नाही. चार दिवस आधी घरोघर फिरून कोंबड्या मोजा. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना आकडा सांगा आणि दिवस ठरवून घ्या. राज्य सरकारची पुण्याला औंधमध्ये लसी तयार करणारी संस्था आहे. कोंबड्यांची लस तिथेही तयार होत आली आहे. दवाखान्यात नसली तर औषधांच्या दुकानात मिळते, पण फ्रीजमधून काढून देतात की नाही ते डोळ्यांनी पाहून घ्या. नेताना थर्मासात बर्फ घालून न्या. नुसत्या पिशवीत घालून बदलापूर स्टेशनापासून पाड्यापर्यंत उन्हातून नेलेली लस ही लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. पुष्कळदा लोक म्हणतात, 'टोचून काय उपयोग, टोचल्या तरी मेल्या.' त्यातल्या बऱ्याच लसी वाटेतच मेलेल्या असतात.

वेळ पहाटेची धरा. आदल्या रात्री कोंबड्या आत घेतल्यावर फळी घट्ट लावायची आणि सकाळी लस झाल्याशिवाय ती काढायची नाही. एकदा फळी निघाली की धावणाऱ्या कोंबडीमागे सगळा पाडा धावतो आणि लस उन्हात बसते. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात, महिन्याभराने पुन्हा एकदा. आठ-दहा आठवड्यांची तलंग झाली की आर टू बी कातडीखाली टोचतात. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. अंड्यावरच्या कोंबड्या लसीनंतर काही दिवस अंडी कमी देतात, त्याने घाबरू नका. आणि मर आधीच शिरलेली असेल तर लस धावून येत नाही. ती मर येण्याआधी द्यायची असते. म्हणून उन्हाळ्याचं तोंड लागण्याआधी एक फेरी झालेली बरी.

कोंबडी देताना, घेतानाही सांभाळावं लागतं. आपला मुलूख बाजाराला लागून आहे. १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी गेली, तिच्याच वाटेवर कुळगावच्या जागेत बदलापूर स्टेशन आलं. अंबरनाथला कारखाने आले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ साली त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. खाणारी तोंडं वाढली आणि गावठी कोंबडा, गावठी अंडं याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. ही चांगलीच गोष्ट. पण आखाडात, गटारीच्या आधी, दहा गावचे कोंबडे एका बाजारात पाय बांधून एकमेकांशेजारी पडतात. न विकलेला कोंबडा संध्याकाळी घरी येतो आणि खुराड्यात जातो. त्याच्याबरोबर आणखी कोण खुराड्यात गेलं ते पाच-सहा दिवसांनी कळतं. बाजारातून परत आलेला किंवा नवा आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. आणि कोंबड्या मरायला लागल्या म्हणून उरलेल्या घाईघाईने विकून टाकू नका. बोलायला कडू आहे, पण एका गावची मर दुसऱ्या गावात जाते ती बहुतेक वेळा अशीच.

आता, कोंबडी लंगडली की मानमोडीच झाली असं समजू नका. यावरची एक जुनी हकीकत आपल्यासारख्या भात पिकवणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. जावा बेटावर बटाव्हिया म्हणजे आजच्या जकार्ता शहरात क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर होते. माणसांचे पाय लुळे पडणारा बेरीबेरी रोग कशाने होतो हे शोधण्यासाठी त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ साली त्या कोंबड्यांचे पाय गेले. धड चालेनात, अडखळून पडू लागल्या. काही महिन्यांनी मात्र आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. पुढे नवा आचारी आला आणि त्याने सरकारी तांदूळ खाजगी कोंबड्यांना घालायचं नाकारलं. मग त्यांना कोंडा न काढलेला तांदूळ घालू लागले, आणि पाय सुधारले. ज्याला आपण आज जीवनसत्त्व म्हणतो ते तांदळाच्या कोंड्यात असतं, हे त्या आचाऱ्याच्या काटकसरीतून जगाला उमगायला सुरुवात झाली. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आचाऱ्याला काही मिळालं नाही.

घरी उखळात भात कांडला जायचा तेव्हा कोंड्याचा वाटा आपसूक कोंबडीला मिळायचा. गिरणीत भात पांढरा होतो आणि कोंडा गिरणीतच राहतो. तेव्हा भात भरडून आणताना आपला कोंडा मागून आणा. तूस नव्हे, कोंडा. तूस खुराड्यात अंथरायला चांगला, खायला नव्हे. कोंडा जुना झाला की खवट होतो, तसा घालू नका. कणी, कोंडा, परसातला हिरवा पाला, शेणाच्या उकिरड्यातले किडे आणि शिंपल्याचा बारीक चुरा एवढं मिळालं तर गावठी कोंबडीचं बऱ्यापैकी भागतं. शिंपल्याचा चुरा नसला की कवच पातळ पडतं, अंडी फुटतात. फुटलेल्या अंड्याची चव लागलेली कोंबडी पुढे स्वतःची अंडी फोडायला शिकते, आणि ती खोड मग सुटत नाही.

पावसाळ्यात तुऱ्यावर, डोळ्यांभोवती चामखिळीसारखे फोड आले तर ती कोंबड्यांची देवी. तीही लशीने टळते, आणि तो रोग डास पसरवतात, म्हणून संध्याकाळी खुराड्याजवळ कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करावी, धूर मात्र आत कोंडू देऊ नये. पिल्लांना रक्ती हगवण लागली तर खाली ओल आहे असं समजा. आपल्याकडच्या पावसात ओल चुकत नाही, म्हणून खुराडं जमिनीवर न ठेवता खांबावर हातभर तरी उंच करा. उल्हास नदीकाठच्या लोकांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिला. २०१९ च्या जुलैत वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेही पाहिलं. अशा रात्री खुराड्याची फळी बाहेरून बंद असते आणि आतला जीव ओरडला तरी पावसात ऐकू येत नाही. नदीकाठी राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरतं तरी खुराडं पडवीत उंचावर घ्यावं.

जातींबद्दलही बरेच प्रश्न असतात. पांढरी लेगहॉर्न घ्यावी, गिरीराज घ्यावी की आपली गावठीच बरी? इथेही थोडं मागे जाऊन पाहू. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, तो हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्वेकडच्या देशांपर्यंतच्या जंगलांतला. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा, वेगळ्या जातीचा. पण २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कोंबड्यांची आनुवंशिक तपासणी करून दाखवलं की कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग आला तो या करड्या रानकोंबड्याकडून. म्हणजे जगात जिथे जिथे पिवळ्या पायांची कोंबडी आहे, तिथे तिथे आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातल्या या पाखराचा अंश आहे. या पिवळ्या रंगाचा उपयोगही आहे, बरं का. कोंबडी अंड्यावर असली की तो रंग बलकात उतरतो आणि तिची चोच, मग हळूहळू पाय फिके पडतात. भर हंगामात जिचे पाय हळदीसारखे पिवळेधमक, ती बहुधा नुसतीच खाते आहे. विकायची वेळ आली तर तिला आधी विका आणि फिक्या पायांची राखा. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. गिऱ्हाइकाला पिवळी, टवटवीत दिसणारी आवडते हे खरं, पण म्हणूनच ती विकायला सोपी.

सुधारित जातींची कोंबडी खेड्यात आली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारचं कोंबडी पैदास केंद्र उभं राहिलं. राज्यात पुण्याला खडकी येथे, तसंच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अंडी उबवणी केंद्रं आहेत. गावठी नर काढून त्या जागी ऱ्होड आयलंड रेडसारखा तांबडा, दणकट नर द्यायचा, म्हणजे पुढची पिढी जास्त अंडी देईल, असा विचार पुष्कळ वर्षं चालला. तो चुकीचा नव्हता. अंडी वाढली. पण जास्त अंडी देणारी कोंबडी खुडूक होणं विसरते. खुडूक झालीच नाही तर अंडी उबवणार कोण? बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली गिरीराज ही परसातली जात दिली, हैदराबादहून वनराजा आली. दिसायला गावठीसारख्या, वजनाला भारी, अंड्यालाही बऱ्या. पण त्यांच्या भरवशावर पिल्लं निघतील असं धरू नका. मुंगूस आणि घार यांच्यापुढे जड कोंबडी पळायलाही कमी पडते.

आमचं मत विचाराल तर परसात दोन्ही असावं. चार सुधारित कोंबड्या अंड्यांसाठी आणि दोन चांगल्या गावठी माद्या, ज्या खुडूक बसतात, त्या उबवणीसाठी. गावठीखाली सुधारित कोंबडीची अंडी ठेवली तर तिला फरक पडत नाही, ती एकवीस दिवस इमानाने बसते. सातव्या-आठव्या रात्री अंडी विजेरीच्या उजेडावर धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक, नुसतंच स्वच्छ दिसलं तर ते अंडं गाबोळं नाही, काढून टाका. भर उन्हाळ्यात कोंबडी बसवायचीच असेल तर घमेल्यात ओली वाळू, वर पोतं आणि पेंढा घाला.

शेवटचा मुद्दा बर्ड फ्लूचा, कारण त्याची लक्षणं आणि मानमोडीची लक्षणं घरी बसून वेगळी ओळखता येत नाहीत. आपल्या देशात हा रोग कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो पक्षी मारावे लागले आणि मोठ्या फार्मांबरोबर आजूबाजूच्या पाड्यांवरच्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला निघाला. तिथेही एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले गेले. अशा वेळी सरकारी माणूस गावात आला की कोंबड्या लपवायची, रातोरात पाहुण्यांकडे धाडायची बुद्धी होते. तसं करू नका. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. जो उशिरा कळवतो त्याचंच नुकसान जास्त होतं. आणि हा रोग माणसालाही होऊ शकतो.

म्हणून एका दिवसात दोन-तीन कोंबड्या अचानक मेल्या तर त्या ओढ्यात, नदीत टाकू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका, कापून खाऊ नका. मेलेली कोंबडी हाताळताना हाताला पिशवी गुंडाळा. दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांनी नमुने घेतले की तीन-चार फूट खोल खड्डा काढून खाली-वर चुना टाकून पुरा. खुराड्यातला जुना तूस जाळा, फळ्या उन्हात घाला, चुना लावा, आणि महिना-दीड महिना तिथे नवा पक्षी आणू नका. नवी पिल्लं आणाल त्या दिवशीच पाड्यावरच्या बाकी घरांत विचारून घ्या, कुणाकडे किती आहेत, आणि लसीची पुढची पहाट कोणती धरायची.